इटालियन रंगीत थाळ्या, सुरया, बरण्या: काय घ्यावं, कुठून घ्यावं, कसं ओळखावं?

शेवंता७

नमस्कार मंडळी. नव्या घरात जेवणाच्या टेबलामागची एक अख्खी भिंत रिकामी आहे. तिथे चित्र लावायचं नाही एवढं ठरलंय. डोक्यात बसल्यात त्या इटालियन हातरंगाच्या थाळ्या. निळा, पिवळा, केशरी रंग, काठाला वेलबुट्टी, मधे कोंबडा नाहीतर एखादी बाई. एप्रिलमध्ये रोम आणि फ्लॉरेन्सला जाणं होतंय, मधले काही दिवस मुद्दाम मोकळे ठेवलेत.

नेटवर शोधायला गेले तर डोकं गरगरायला लागलं. मायोलिका, देरुता, फाएन्झा, कापोदिमोंते, आणि सगळंच म्हणे 'अस्सल'. दिसायला सारख्या दोन थाळ्या, किमतीत चौपट फरक. नवरा म्हणतो, ताटांची जागा मांडणीत, भिंतीवर कशाला? सासूबाईंचा प्रश्न त्याहून रास्त आहे: "त्यात जेवता येतं का?"

जुन्या घ्याव्यात की नव्या? हाताने रंगवलंय हे कसं ओळखायचं? आणि पुण्यापर्यंत अखंड येतात का? ज्यांनी जमवल्या आहेत त्यांनी हातचं न राखता लिहा.

तिरकस

भिंतीवर ताटं दिसली की पाहुणे जेवूनच जातात. खर्चाचा अंदाज त्या हिशोबाने काढा.

बोलोन्याकर

शेवंताताई, आधी नवऱ्यांच्या शंकेचं बघू. थाळी भिंतीवर लावणं हे आजकालचं फॅड नाही. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला देरुतामध्ये ज्या मोठ्या थाळ्या बनत, चाळीसेक सेंटिमीटर व्यासाच्या, त्यांच्या मागच्या बैठकीच्या कड्याला भट्टीत जाण्याआधीच दोन भोकं पाडलेली असत. दोरी ओवून टांगण्यासाठी. पुढच्या बाजूला महाग कथलाची पांढरी झिलई, मागे नुसती साधी शिशाची झिलई. मागची बाजू कोणी बघणारच नव्हतं. मधे बहुतेक वेळा एका सुंदर स्त्रीचा बाजूने दिसणारा चेहरा आणि शेजारी नागमोडी पट्टीवर चार शब्द. तेव्हा भिंतीवर लावा, बिनधास्त लावा.

आता गावांबद्दल. इटलीत 'इटालियन पॉटरी' असं काही नसतं. गाव असतं. प्रत्येक गावाची माती, रंग आणि नक्षी वेगळी, आणि शेजारच्या गावाबद्दल मत वाईट. म्हणून माझा पहिला सल्ला: एकच गाव धरा. पाच गावांच्या पाच थाळ्या शेजारी लावल्या की भिंतीचं विमानतळावरचं दुकान होतं.

देरुता: उंब्रियात, पेरुजापासून पंधरावीस किलोमीटरवर. तुमच्या डोक्यातला निळा-पिवळा-केशरी बहुधा इथलाच. दोन नक्ष्या सगळीकडे दिसतील. 'रिक्को देरुता' म्हणजे सममितीत फिरणाऱ्या भरगच्च वेली. 'राफाएलेस्को' म्हणजे वेलीत गुंतलेला ड्रॅगनसारखा प्राणी. रोममध्ये नीरोच्या गाडल्या गेलेल्या महालातली भित्तिचित्रं सापडली, त्यावरून राफाएलच्या चमूने व्हॅटिकनच्या सज्जांमध्ये तशी नक्षी काढली, आणि तिथून ती कुंभारांच्या हाती आली. गावातलं संग्रहालय १८९८ सालचं आहे, सान फ्रान्चेस्कोच्या जुन्या मठात. खरेदीच्या आधी तिथे जा. तासभर खऱ्या वस्तू बघितल्या की दुकानातल्या निम्म्या थाळ्या आपोआप बाद होतात.

देरुताजवळच मादोन्ना देई बान्यी नावाचं छोटं चर्च आहे. १६५७ साली एका फेरीवाल्याला ओकच्या झाडात अडकवलेला मायोलिकाचा, म्हणजे कथलाच्या पांढऱ्या झिलईवर रंगवलेल्या भांड्याचा, तुकडा सापडला, त्यावर मेरी आणि बाळ येशू. बायको आजारी होती, त्याने नवस बोलला, ती बरी झाली अशी कथा. तेव्हापासून लोक नवस फेडायला तिथे मायोलिकाची फरशी लावतात. शेकडो आहेत. झाडावरून पडलेला माणूस, बैलगाडीखाली आलेलं पोर, पुढच्या काळात मोटारींचे अपघातसुद्धा. मला विचाराल तर सगळ्या उंब्रियातली सगळ्यात जिवंत मायोलिका ही, आणि ती विकाऊ नाही हे बरंच.

फाएन्झा: माझ्या घरापासून रेल्वेने जवळ. फ्लॉरेन्सहून डोंगरातून जाणारी लहान गाडीही आहे, सुरू असल्याची खात्री करून निघा. इथलं आंतरराष्ट्रीय सिरॅमिक संग्रहालय १९०८ साली गाएतानो बाल्लार्दीनी यांनी उभं केलं, मे १९४४ च्या बॉम्बफेकीत ते उद्ध्वस्त झालं, आणि त्याच माणसाने ते पुन्हा उभारलं. पिकासो, मातीस, शागाल यांचीही कामं तिथे आहेत. फाएन्झाच्या नक्ष्या देरुतापेक्षा हलक्या: कार्नेशनचं फूल, द्राक्षाचं पान आणि मोरपिसाचा डोळा. या मोरपिसाबद्दल लोक चवीने सांगतात की गावचा सरदार गालेओत्तो मान्फ्रेदी याच्या प्रेयसीचं आडनाव पावोनी, म्हणजे मोर, म्हणून ही नक्षी. खरं-खोटं देव जाणे, पण त्याच्या बायकोने त्याला १४८८ साली मारेकऱ्यांकरवी संपवलं हा मात्र इतिहास आहे.

मोंतेलुपो: फ्लॉरेन्सहून गाडीने अर्धा तास. पिवळ्या जमिनीवर ढगळ कपड्यातले शिपाई, घोडेस्वार, निशाणवाले. ओबडधोबड, घाईत काढल्यासारखे आणि म्हणूनच गोड. तुमच्या वाटेवर आहे आणि गर्दी नसते.

दक्षिणेकडच्या गावांबद्दल कोणी दुसऱ्याने लिहा, मला तिथला उन्हाळा सोसत नाही.

गोदाकाठ

वा, काय लिहिलंय! वाचनखूण साठवली. दक्षिणेचं मी लिहिते, लेक पालेर्मोत शिकायला होती.

सिसिलीत काल्ताजिरोने. गावाच्या मधोमध १४२ पायऱ्यांचा जिना, प्रत्येक पायरीच्या उभ्या बाजूला वेगळ्या नक्षीच्या फरश्या. जिना १६०६ चा, फरश्या मात्र १९५४ च्या. जुलैच्या शेवटी सान जाकोमोच्या उत्सवात त्याच पायऱ्यांवर हजारो दिवे लावतात. निळा, हिरवा आणि पिवळा हे इथले रंग.

इथली घरोघरी दिसणारी वस्तू म्हणजे पीन्या, चिनीमातीसारखा चकाकणारा पाइनचा कोन. शुभ मानतात, गॅलरीच्या कठड्यावर किंवा जिन्याच्या खांबावर बसवतात. नव्या घराला भेट द्यायला उत्तम. आणि दुसरी 'तेस्ते दी मोरो', म्हणजे माणसाच्या डोक्याच्या आकाराच्या कुंड्या, एक पुरुष एक स्त्री, डोक्यावर मुकुट, फळं. मी एक जोडी आणली आहे. बाल्कनीत ठेवली की येणारा-जाणारा थबकतो.

अवलोकिता

गोदाकाठताई, त्या कुंड्यांची गोष्ट माहीत असेलच. पालेर्मोच्या काल्सा भागातली मुलगी, परदेशी मूर (उत्तर आफ्रिकेचा मुस्लिम) व्यापारी प्रेमात पडतो, त्याला गावी बायकामुलं असल्याचं कळतं, ती रात्री त्याचं डोकं कापते आणि त्यात तुळशीच्या जातीचं रोप लावते. काळ्या माणसाचं कापलेलं डोकं शोभेला ठेवणं मला तरी जमणार नाही. २०१२ मध्ये एका बड्या फॅशन ब्रँडने याच डोक्यांची कानातली रॅम्पवर आणली तेव्हा यावरून बरंच वाजलं होतं.

गोदाकाठ

गोष्ट माहीत आहे आणि आक्षेपही माहीत आहे. सिसिलीतल्या लोकांशी बोललं तर त्यांना त्यात हिणवणं दिसत नाही, त्यांना अरब राजवटीची आठवण दिसते. त्या बेटावर अरबांनी दोनेकशे वर्षं राज्य केलं, लिंबू-संत्र्यांच्या बागा तेव्हाच्या. पण जिला खटकतं तिने घेऊ नये, हे बरोबरच. पीन्या घ्या, तिला कोणाचंच डोकं नाही.

तिरकस

आमच्याकडे कुंडीला रागावलेल्या बायकोचा चेहरा मिळेल का? नाही, बाहेर लावायला. दृष्ट लागत नाही म्हणे.

माती_आणि_चाक

मी स्वतः चाकावर काम करते, पुण्यात छोटा स्टुडिओ आहे. हातकाम ओळखण्याबद्दल लिहिते, कारण ते कृती समजल्याशिवाय समजत नाही.

मायोलिका म्हणजे साधी लाल किंवा पिवळट मातीच. पोर्सिलेन नव्हे. पहिली भाजणी साधारण हजार अंशांच्या आसपास. मग कथलाचं ऑक्साइड घातलेल्या पांढऱ्या ग्लेझमध्ये, म्हणजे झिलईत, बुडवायची. ते वाळलं की पृष्ठभाग पिठासारखा भुसभुशीत होतो, आणि चित्र त्या कच्च्या पिठावर काढायचं असतं. कुंचला टेकला की रंग लगेच शोषला जातो. पुसायची सोय नाही, गिरवायची सोय नाही. थबकलात की तिथे गडद ठिपका. मग दुसरी भाजणी, त्यात ग्लेझ वितळतं आणि रंग त्याच्या पोटात जातो. निळा कोबाल्टचा, हिरवा तांब्याचा, पिवळा अँटिमनीचा, केशरी लोखंडाचा, जांभळट तपकिरी मँगनीजचा. पाच-सहा खनिजांचा सगळा खेळ. चिनी पोर्सिलेनचा पांढरा रंग युरोपला साधत नव्हता, तो जर्मनीतल्या मायसेनला अठराव्या शतकात जमला. तोवर ही कथलाची पांढरी चादर तांबड्या मातीवर ओढून काम भागवलं. हे तंत्र नवव्या शतकात इराकमध्ये निघालं, स्पेनमार्गे इटलीत आलं. पिसाच्या जुन्या चर्चच्या बाहेरच्या भिंतींत अरब आणि स्पॅनिश वाडगे शोभेला बसवलेले असत. आता ते तिथल्या संग्रहालयात काढून ठेवलेत.

आता थाळी हातात घेतल्यावर. फटकारा बघा. सुरुवातीला जाड, शेवटाला निमुळता, आणि एकावर एक आला तिथे गडद असेल तर हात आहे. भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर छापील. छापाच्या कागदाला कधी कधी कड असते, नख फिरवलं तर जाणवते. रंग ग्लेझच्या वर बसल्यासारखा वाटत असेल तरी शंका घ्या.

एक गैरसमज मात्र नको. दोन थाळ्यांवर नक्षीची बाह्यरेषा तंतोतंत सारखी दिसली म्हणजे छापीलच असं नाही. कागदावर नक्षी काढून रेषेवर सुईने भोकं पाडतात, तो कागद थाळीवर ठेवून कोळशाच्या पुरचुंडीने थोपटतात. पूड खाली उतरते, त्या ठिपक्यांवरून कुंचला फिरतो आणि कोळसा भट्टीत जळून जातो. याला स्पोल्वेरो म्हणतात, पाचशे वर्षांपूर्वीही हेच करत. रेषा सारखी, पण भरण्यात दोन हात कधी सारखे नसतात. म्हणून दुकानात एकाच नक्षीच्या तीन-चार थाळ्या शेजारी मांडायला सांगा. कंटाळलेला हात आणि रमलेला हात यातला फरक तुम्हाला न शिकवताही दिसेल. किमतीतली चौपट तफावत पुष्कळदा इथेच असते: एका थाळीवर एका माणसाने दोन दिवस घातलेले असतात, दुसरीवर अर्धा तास.

मागच्या बाजूला 'दिपिंतो आ मानो' लिहिलेलं असतं, हाताने रंगवलेलं. एवढ्यावर भुलू नका, छापील रेषेत हाताने रंग भरला तरी तेच लिहितात. 'फात्तो आ मानो' म्हणजे हाताने बनवलेलं, ते वेगळं.

शेवंता७

@माती_आणि_चाक, हे वाचून कपाटातली एक 'हँडपेंटेड' वाटी भिंगाखाली धरली. ठिपकेच ठिपके. सासूबाईंना दाखवली, त्या म्हणाल्या, "मग आता यात निर्धास्त चटणी काढ."

त्यांच्या मूळ प्रश्नाचं काय?

माती_आणि_चाक

जेवायचं असेल तर नवी आणि विचारून घेतलेली. युरोपात भांड्यांतून झिरपणाऱ्या शिशाला १९८४ पासून कायद्याने मर्यादा आहे, खोलगट भांड्यांसाठी लिटरमागे ४ मिलिग्रॅम. चांगले कारागीर आता शिसं नसलेली ग्लेझ वापरतात आणि विचारलं तर स्पष्ट सांगतात. मागे 'फक्त शोभेसाठी' असेल, किंवा टांगायला भोक असेल, तर त्यात वरण-भात नको. जुन्या थाळीत तर कधीच नको. आपल्या जेवणात चिंच, लिंबू, दही, आमसूल, आणि शिसं आंबटात उतरतं. घरच्या घरी कापसाच्या बोळ्याने तपासायचे संच मिळतात, त्यांच्या भरवशावर राहू नका.

नव्या थाळीतही मायक्रोवेव्ह नाही, डिशवॉशर नाही, फ्रिजमधून काढून वर गरम आमटी नाही. मऊ भाजणीची माती आहे, तडकते. आणि ग्लेझला केसासारख्या भेगा असतील तर हळदीचा डाग आत जाऊन कायमचा बसतो.

एडिसनकर

आमच्या न्यू जर्सीत इटालियन वस्ती जुनी. आजी गेली की घर रिकामं करताना अंगणात सेल लागतो, आणि त्यात ही भांडी टोपलीने निघतात. बराच काळ हाच उद्योग करतोय, बायकोने गॅरेजची सीमा आखून दिली आहे.

जुन्याचं ओळखणं, माझ्या परीने. मागे इंग्रजीत 'इटली' किंवा 'मेड इन इटली' असेल तर तो निर्यातीचा माल. १८९१ पासून अमेरिकेत येणाऱ्या वस्तूवर देशाचं नाव लागतं, त्यामुळे असा शिक्का असलेली थाळी 'सतराव्या शतकातली' नसते, विकणारा काहीही म्हणो. सपाट, झगझगीत लालभडक रंग दिसला तरी ती आधुनिक. जुन्या भट्टीत तसा लाल जमत नव्हता, तिथे मातकट केशरी-तांबूसच दिसेल. बुडाच्या कड्याला झिजेचे ओरखडे वेडेवाकडे असावेत. सगळे एकाच दिशेने असतील तर कोणीतरी सँडपेपर फिरवलाय. टिचकी मारा, खण वाजली तर ठीक, भद्द वाजली तर कुठेतरी चीर आहे. अंधारात अतिनील टॉर्च धरा, डागडुजीचा रंग बहुधा वेगळा चमकतो.

कापोदिमोंतेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण निम्म्या मराठी दिवाणखान्यांत आखातातून किंवा अमेरिकेतून आलेला तो फुलांचा गुच्छ असतोच. ती मायोलिका नव्हे, पोर्सिलेन. नेपल्सच्या राजा चार्ल्सने १७४३ मध्ये कापोदिमोंतेच्या राजवाड्याच्या आवारात कारखाना काढला. १७५९ मध्ये तो स्पेनचा राजा झाला आणि कारागीर, साचे, माती सगळं माद्रिदला घेऊन गेला. मूळ कारखाना चालला एवढाच. त्याची खूण म्हणजे लिलीचं फूल. मुलगा फर्दिनांदोने १७७१ मध्ये पुन्हा कारखाना सुरू केला, त्याची खूण मुकुट आणि खाली 'एन'. पुढे ती खूण फ्लॉरेन्सजवळच्या जिनोरीने वापरली, जर्मनीतल्या कारखान्यांनी वापरली, आणि मग ज्याला वाटेल त्याने वापरली. आज मुकुट-एन दिसला म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. आवडला गुच्छ तर घ्या, 'राजघराण्याचा' म्हणून जास्तीचे पैसे देऊ नका.

अवलोकिता

मुकुट-एन आमच्या आत्याकडे आहे आणि ती त्याला हात लावू देत नाही. हा प्रतिसाद तिला दाखवणार नाही.

एडिसनकर

दाखवू नका, उगाच घरात वाद.

खरं सांगायचं तर नव्याने जमवणाऱ्याने दोन गोष्टींकडे बघावं, ज्यांच्याकडे लोक अजून नीट बघत नाहीत. एक, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्लॉरेन्सच्या उलिस्से कांतागाल्ली यांच्या कारखान्याने केलेल्या जुन्या मायोलिकाच्या नकला. उघडपणे नकला म्हणूनच केलेल्या, मागे कोंबड्याची खूण. हात इतका सरस की पुष्कळ 'मूळ' थाळ्यांपेक्षा बऱ्या. दुसरं, मोंतेलुपोच्या बितोस्सी कारखान्याची १९५० नंतरची भांडी. आल्दो लोंदी यांची 'रिमिनी ब्लू' मालिका, गडद निळ्या-हिरव्या ग्लेझखाली ओल्या मातीत ठोकलेले ठसे, घोडे, मांजरं, बैल. त्यात नक्षीकाम फार नाही, आपल्याकडच्या साध्या पांढऱ्या भिंतीवर आणि फळीवर ते छान बसतं.

बोलोन्याकर

एडिसनकर, बितोस्सीबद्दल सहमत, कांतागाल्लीबद्दल अर्धा. कारागिरी वादातीत. पण ताई, ज्याच्या हाताने केलं तो माणूस समोर बसलेला असताना शंभर वर्षं जुनी नक्कल कशाला? देरुतात कार्यशाळेत शिरा, पुढे दुकान, मागे पाचसहा बायका कुंचले घेऊन बसलेल्या. त्यांच्यातली कुठली थाळी कोणाची हे विचारा. नाव मागे लिहून देतात. माझ्या मते संग्रह इथे सुरू होतो.

आणि कागदाची भानगड: ७० वर्षांहून जुनी वस्तू इटलीबाहेर न्यायची तर सांस्कृतिक मंत्रालयाच्या निर्यात कार्यालयाचे सोपस्कार असतात, स्वस्त वस्तू असली तरी निदान घोषणापत्र. प्रामाणिक जुन्या मालाचा दुकानदार स्वतःहून सांगतो. नव्या थाळीला यातलं काही नाही.

नव्या मालासाठी एक आधार आहे. १९९० च्या १८८ क्रमांकाच्या कायद्याने 'कलात्मक आणि पारंपरिक सिरॅमिक' अशी खूण ठरवून दिली आहे आणि जुन्या परंपरेच्या गावांनाच ती मिळते. खूण नसली म्हणजे माल खोटा असं नाही, बरेच कारागीर त्या फंदात पडत नाहीत. पण रोममध्ये कारंज्याजवळच्या दुकानात ढिगाने लावलेलं आणि खूणही नाही, गावाचं नावही नाही, असं दिसलं तर पुढे चला.

पेडणेकर

बोलोन्याकरबाब, गोंयचें एक जोडटां. तुम्ही इटलीच्या भिंतीवरच्या थाळ्या म्हणता, आमच्याकडे भिंतीवर आझुलेजो, म्हणजे रंगवलेल्या फरश्या. मेळ आहे दोघांचा. फरशीवर कुंचल्याने चित्र काढायची ही मायोलिकाची रीत सेव्हिलला नेली ती फ्रान्सिस्को निकुलोसो नावाच्या इटालियनाने, पिसाचा म्हणून ओळखला जाणारा, १५०० च्या आसपास. तिथून पोर्तुगाल, तिथून आमचं गोंय. पणजीला मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत आत शिरल्या शिरल्या निळ्या-पिवळ्या फरश्यांवर वास्को द गामाच्या प्रवासाची चित्रं आहेत, १९३५ ची, जॉर्ज कोलासो यांची. इटलीचं तिकीट काढायच्या आधी ती बघून या. रंग ग्लेझमध्ये कसा बुडतो ते कळेल, आणि मासे पण मिळतील.

तिरकस

अखेर कामाचा प्रतिसाद.

माती_आणि_चाक

पेडणेकर, छान आठवण. मुंबईकरांसाठी आणखी एक: भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात बॉम्बे स्कूल ऑफ आर्टची १८७० च्या दशकापासूनची भांडी आहेत, जॉर्ज टेरी यांच्या काळातली, अजिंठ्याची चित्रं उतरवलेली. मायोलिका नाही ती, पण रंगवलेल्या भांड्याकडे बघायची नजर तिथे तयार होते.

आणि एक गोंधळ टाळा. आपल्या जुन्या वाड्यांत, चेट्टिनाडच्या हवेल्यांत उठावदार फुलांच्या 'मॅजोलिका' फरश्या असतात. त्या इंग्लंडच्या नाहीतर जपानच्या. इंग्लंडच्या मिंटन कारखान्याने १८५१ मध्ये रंगीत शिशाच्या ग्लेझची भांडी काढली, तिथून ते नाव फिरलं. त्यात रंग साच्यातल्या उठावावर ओतलेला असतो, पांढऱ्या पिठावर कुंचला नसतो. नेटवर दोन्ही एकाच नावाखाली विकतात.

शेवंता७

डोकं भरलं, पण चांगल्या अर्थाने. अजून एक मोह सांगते. औषधाच्या त्या उंच बरण्या, मधे कंबरेला बारीक, वर लॅटिन अक्षरं. त्यांचं काय?

बोलोन्याकर

आल्बारेल्लो. मोह रास्त आहे. कंबर बारीक कारण औषधवाल्याच्या फळीवर त्या खेटून लावलेल्या असत, बोटं घालून उचलायला जागा हवी. गळ्याला कंगोरा आहे तो तोंडावर चर्मपत्र बांधायला, आपल्या लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात अगदी तसा. आकार मध्यपूर्वेतून आला. नव्या नकला देरुता, फाएन्झा दोन्हीकडे मिळतात. अक्षरांकडे बघा: भरभर, एका दमात लिहिलेली असतील तर घ्या, काळजीपूर्वक कोरल्यासारखी असतील तर ठेवून द्या.

चमकत्या तांबूस-सोनेरी झाकेच्या थाळ्या दिसल्या तर त्या गुब्बिओच्या धर्तीच्या. पंधराशेच्या सुमारास मास्त्रो जोर्जो आंद्रेओलीने त्यात नाव काढलं, दुसऱ्या गावांतूनही थाळ्या त्याच्याकडे झाक चढवायला येत असं म्हणतात. तिसरी भाजणी धुरात करावी लागते. पिक्कोलपास्सो नावाच्या गृहस्थाने १५५७ च्या सुमारास कुंभारकलेवर हस्तलिखित लिहिलं, ते आता लंडनच्या व्ही अँड ए संग्रहालयात आहे. त्यात तो म्हणतो की शंभरातल्या जेमतेम सहा चांगल्या निघतात. आजही अशी थाळी महाग असेल तर तक्रार करू नका, आणि स्वस्त असेल तर ती झाक बाटलीतली आहे.

गोदाकाठ

आणण्याबद्दल मी सांगते. हातातल्या सामानात आणा. थाळ्या आडव्या एकावर एक नाही, उभ्या, कपाटातल्या वह्यांसारख्या, मधे टॉवेल. पेटीच्या कडेला थाळीची कड टेकता कामा नये. तेस्ते दी मोरोसारखं जड काही असेल तर दुकानदाराकडूनच कुरिअर करून घ्या, विम्यासह, आणि बिल जपा, इकडे कस्टम्सवाले मागतात.

कुंड्यांत झाड लावणार असाल तर माती थेट भरू नका. आतून पाणी मुरतं, मुंबई-कोकणच्या हवेत लोणा बाहेर येतो आणि ग्लेझचे पापुद्रे सुटतात. आत प्लास्टिकची कुंडी ठेवायची.

माती_आणि_चाक

टांगण्यासाठी स्प्रिंगचे तारेचे हँगर मिळतात ते प्लास्टिकचं आवरण असलेलेच घ्या. उघडी तार पावसाळ्यात गंजते आणि काठाचा टवका उडवते. मागे चिकटवायच्या चकत्या नव्या थाळीला चालतात. भिंत ओल धरत असेल तर नको. आणि ड्रिल घेण्याआधी वर्तमानपत्राचे गोल कापून भिंतीवर चिकटवा, आठवडाभर तसेच राहू द्या. समान अंतराने रांगेत लावलेल्या थाळ्या शाळेच्या सूचनाफलकासारख्या दिसतात. मोठी एक जरा बाजूला, बाकीच्या तिच्याभोवती.

शेवंता७

कागद कापून झाले! मोठा गोल नवऱ्याने स्वतः चिकटवला, म्हणजे मोहीम मंजूर.

ठरलं असं: फ्लॉरेन्सहून मोंतेलुपोला नुसतं बघायला, आणि खरेदी देरुतात. आधी संग्रहालय, मग कार्यशाळा. एक मोठी राफाएलेस्को, तीन-चार लहान, एकाच हाताच्या मिळाल्या तर उत्तम. सासूबाईंसाठी एक जेवायची, लेखी विचारून. कापोदिमोंते नाही, डोकी नाहीत.

शेवटचा प्रश्न, तिथला कर परत मिळतो म्हणतात ते खरं का?

बोलोन्याकर

खरं. एका दुकानात एका बिलावर ७० युरोंच्या वर खरेदी असेल तर. पासपोर्ट बरोबर ठेवा, दुकानातून फॉर्म घ्या, आणि युरोपीय संघातून बाहेर पडताना शेवटच्या विमानतळावर कस्टम्सची नोंद करून घ्या. सामान बघायला मागू शकतात, म्हणून थाळ्या हातातल्या पेटीत असलेल्या बऱ्या. देरुतातली दुकानं दुपारी बंद असतात, सकाळीच पोचा.

तिरकस

आणि मोठी थाळी नवऱ्याच्या हातात द्या. त्यानेच गोल चिकटवलाय.